‘हे तर आमच्याकडे होतेच’

‘अमेरिकेने आपल्या हळदीचे पेटंट घेतले होते आणि आपण ते लढून परत मिळवले.’ हे वाक्य मी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत व्याख्यानमालांत ऐकले, शाळांच्या स्नेहसंमेलनांत ऐकले आणि एकदा तर लग्नघरी नवरीला हळद लागत असतानाही ऐकले. वाक्य कानाला गोड लागते, पण त्यात तीन दुरुस्त्या कराव्या लागतात. पेटंट ‘अमेरिकेने’ घेतलेले नव्हते. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांच्या कामाबद्दल मंजूर झाले होते आणि ते दोघेही भारतीय वंशाचे होते. पेटंट ‘हळदीचे’ही नव्हते, हळदीच्या एका उपयोगाचे होते. शिवाय आपण ते ‘परत मिळवले’ नाही. ते रद्द झाले, आणि रद्द झालेले पेटंट कोणाच्याच मालकीचे उरत नाही.

या दुरुस्त्या केवळ काटेकोरपणासाठी नाहीत. नवा म्हणून मांडलेला शोध आधीच अस्तित्वात होता की नाही, हे ठरवण्याची एक रीत आहे. दीडदोनशे वर्षांच्या कज्ज्यांतून ती घासून तयार झाली आहे. ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे आपण ज्या सहजतेने म्हणतो, ती सहजता या रीतीला मान्य नाही. ती विचारते : नेमके काय होते, कधी होते, कोणाला ठाऊक होते आणि कशावरून? मी वकील नाही, शास्त्रज्ञही नाही. जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका गोळा करता करता पेटंटे वाचायचा नाद लागला आणि वाचता वाचताच ही रीत समजत गेली. ती समजून घेतली तर हळदीचा खटला आपण का जिंकलो हे कळते. आणि आपल्या काही लाडक्या गोष्टी त्याच न्यायासनापुढे का टिकत नाहीत, हेही कळते.

चतुःसीमा

पेटंटाच्या कागदाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे सविस्तर वर्णन असते : आकृत्या, प्रयोग, फायदे. शेवटी आकडे घालून दावे लिहिलेले असतात. सामान्य वाचक शीर्षक आणि वर्णन वाचून थांबतो; जाणकार आधी शेवटचे पान उघडतो. जमिनीच्या खरेदीखतात विहीर, आंब्याची झाडे, काळीभोर माती यांचे कितीही वर्णन असो, मालकी कुठवर हे ठरते ते चतुःसीमेवरून. दावे ही पेटंटाची चतुःसीमा होय.

हळदीच्या पेटंटाचा क्रमांक 5401504. अर्ज डिसेंबर 1993 मधला, मंजुरी 28 मार्च 1995 ची. त्यात सहा दावे होते. पहिल्याचा आशय असा : रुग्णाची जखम भरून यावी म्हणून त्याला परिणामकारक मात्रेत हळदपूड देण्याची पद्धत. पुढच्या दाव्यांत ही पूड पोटात देणे, जखमेवर लावणे, दोन्ही करणे, तसेच जखम शस्त्रक्रियेची असणे किंवा व्रण असणे, असे पोटभेद होते. म्हणजे आमटीतली हळद या कुंपणाबाहेर होती, अंगाला लावायचे उटणेही बाहेर होते. कुंपणाच्या आत होती ती कापलेल्या बोटावर दाबलेली हळद.

दावा वाचला की त्याचे तुकडे करायचे. इथे तुकडे तीन : जखम भरणे हा हेतू, केवळ हळदपूड हे द्रव्य आणि पुरेशी मात्रा. मग पूर्वीच्या ज्ञानाचा पुरावा शोधायचा. त्याला इंग्रजीत ‘प्रायर आर्ट’ म्हणतात, मी त्याला पूर्वदाखला म्हणतो. नियम असा की दाव्यातले सगळे तुकडे एकाच पूर्वदाखल्यात सापडले पाहिजेत. तीन तुकड्यांपैकी दोन एका ग्रंथात आणि तिसरा दुसऱ्या ग्रंथात असेल, तर निदान ‘नावीन्य नाही’ या कारणावरून दावा पडत नाही. शिवाय पूर्वदाखल्याने नुसते नाव घेऊन भागत नाही. त्या विषयातल्या कसबी माणसाला ते वाचून तशी कृती करता आली पाहिजे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1889 मध्ये एका खटल्यात याची सोपी कसोटी सांगून ठेवली. जी गोष्ट पेटंटानंतर केली असता पेटंटाचा भंग ठरली असती, तीच गोष्ट पेटंटाआधी कोणी केलेली असेल, तर पेटंट टिकत नाही. घड्याळ उलटे फिरवून पाहायचे, इतकेच.

इथे एक बारकावा आहे. पूर्वी कोणी तांब्याचा घडा केला असेल, तर ‘धातूचा घडा’ हा नंतरचा दावा पडतो. कारण तांबे हा धातूच आहे. याउलट पूर्वीच्या पुस्तकात नुसते ‘धातूचा घडा’ असे असेल, तर तांब्याच्या घड्याचा नंतरचा दावा आपोआप पडत नाही. लहान दाखला मोठ्या दाव्याला पाडू शकतो, पण मोघम दाखला नेमक्या दाव्याला सहसा पाडत नाही. ‘आमच्या ग्रंथांत सगळेच होते’ या विधानाचे कायद्यातले दुबळेपण नेमके इथे आहे. ज्यात सगळेच आहे, त्यात नेमके काय आहे ते दाखवता येत नाही.

बासमतीच्या प्रकरणात हाच धडा दुसऱ्या बाजूने मिळाला. टेक्सासच्या राइसटेक कंपनीला 1997 मध्ये मिळालेल्या पेटंटात वीस दावे होते. भारताने हरकत घेतल्यावर बासमतीच्या गुणांवर सरसकट हक्क सांगणारे रुंद दावे गेले आणि कंपनीने स्वतः पैदा केलेल्या विशिष्ट वाणांपुरते थोडे दावे उरले. पेटंट असे दावा-दाव्याने पडते किंवा टिकते. ते सगळेच्या सगळे पडले की नाही हा बातमीचा प्रश्न आहे, कायद्याचा नाही.

आजीची साक्ष

मग हळदीचे पेटंट मुळात मंजूरच कसे झाले? भारतात मुरगळण्यावर आणि सुजेवर हळद परंपरेने वापरतात, हे खुद्द त्या पेटंटाच्या वर्णनात लिहिलेले होते. पण मुरगळणे म्हणजे जखम नव्हे. परीक्षकापुढच्या कागदांत तो एक तुकडा जुळत नव्हता.

‘साऱ्या भारताला हे ठाऊक आहे’ हे उत्तर त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात चालणारे नव्हते. 2013 मध्ये बदललेला कायदा अमलात येईपर्यंत तिथला नियम असा होता की अमेरिकेत एखादी गोष्ट लोकांना ठाऊक असेल किंवा वापरात असेल तर ती मोजली जाईल. परदेशात ती केवळ ठाऊक किंवा वापरात असून उपयोग नाही, ती पेटंटात किंवा छापील प्रकाशनात आलेली असली पाहिजे. म्हणजे मिसिसिपीतल्या एका घरात कोणी उघडपणे जखमेवर हळद लावत असते, तर ती साक्ष ठरली असती. कोट्यवधी भारतीय आज्यांचा अनुभव मात्र शून्य ठरत होता. हे न्याय्य होते असे मी म्हणणार नाही. पण खटला जिंकायचा होता तो याच नियमाने.

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, ही गोष्ट नीट ओळखली. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेलात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या या रसायन अभियंत्याने भावनेचा मुद्दा बाजूला ठेवून कागद गोळा करायला लावले. ऑक्टोबर 1996 मध्ये फेरतपासणीचा अर्ज गेला. त्यासोबत बत्तीस संदर्भ होते. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1953 साली छापलेला एक लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये परीक्षकाने दावे फेटाळले आणि एप्रिल 1998 मध्ये सहाही दावे रद्द झाल्याचे प्रमाणपत्र निघाले.

ग्रंथांची प्राचीनता हा या विजयाचा आधार नव्हता. परीक्षकाच्या लेखी हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आणि 1953 सालचा लेख यांचे वजन सारखेच. दोन्ही 1993 च्या आधीचे, बस. फरक पडला तो ‘जखम’ आणि ‘हळदपूड’ हे दोन शब्द एकाच पानावर, तारखेसह दाखवता आले म्हणून.

त्याच सुमारास युरोपात कडुनिंबाचा खटला चालू होता. तिथला कायदा वेगळा. युरोपीय पेटंट करारात छापील मजकूर, तोंडी वर्णन, प्रत्यक्ष वापर किंवा अन्य कोणत्याही मार्गाने, जगात कुठेही लोकांसाठी खुली झालेली गोष्ट पूर्वदाखला मानली जाते. अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना 1994 मध्ये मिळालेल्या या पेटंटाचा दावा ‘निंबोळी तेल’ असा ढोबळ नव्हता. पिकावरच्या बुरशीवर निंबोळीचे विशिष्ट रीतीने काढलेले तेल वापरायचे, ते जवळजवळ अझाडिरॅक्टिनमुक्त असायचे, फवारणीच्या मिश्रणात त्याचे प्रमाण 0.1 ते 10 टक्के, सोबत तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ, अशी त्याची घट्ट बांधणी होती. ‘आमचे शेतकरी निंब वापरतातच’ एवढ्याने ही बांधणी सुटत नव्हती. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 1995 मध्ये हरकत घेतली. म्यूनिकमधल्या सुनावणीत अभय फडके या भारतीय उद्योजकाची साक्ष निर्णायक ठरली. अशा प्रकारचा अर्क पेटंटाच्या तारखेआधीच काढला आणि वापरला जात होता, हे त्यांनी सांगितले आणि उलटतपासणीला तोंड दिले. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झाले. 8 मार्च 2005 रोजी अपीलही फेटाळले गेले.

दोन झाडे, दोन कायदे. एकीकडे कागदाला किंमत होती, माणसाला नव्हती. दुसरीकडे माणूसही साक्षीला उभा राहू शकला. पण दोन्हीकडे तारीख आणि तपशील यांना पर्याय नव्हता. आपल्या कायद्याने 2002 च्या दुरुस्तीत यापुढचे पाऊल टाकले. भारतातल्या किंवा अन्यत्रच्या स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञान हेसुद्धा पेटंटाला हरकत घेण्याचे आणि ते रद्द करण्याचे कारण म्हणून त्यात लिहिले गेले.

उघड म्हणजे किती उघड?

पूर्वदाखला लोकांसाठी खुला असला पाहिजे. पण खुला म्हणजे किती लोकांना ठाऊक? याचे उत्तर देणारा खटला एका काचोळीचा आहे. न्यू यॉर्कच्या सॅम्युअल बार्न्स याने 1855 मध्ये आपल्या मैत्रिणीसाठी कॉर्सेटच्या पोलादी पट्ट्यांची नवी जोडी केली. आधीच्या पट्ट्या मोडायच्या, या मोडेनात. तिने त्या वर्षानुवर्षे वापरल्या. पुढे दोघांचे लग्न झाले आणि बार्न्सने 1866 मध्ये पेटंटासाठी अर्ज केला. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने पेटंटाचा भंग केल्याबद्दल दुसऱ्यांवर दावा लावला. प्रकरण 1881 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचले. अर्जाच्या आधी दोन वर्षांहून अधिक काळ सार्वजनिक वापर झाला असेल तर पेटंट बाद, असा तेव्हाचा नियम होता. आणि या वापराची साक्षीदार होती खुद्द फिर्यादीच.

बहुमताने ठरवले की वस्तू कपड्यांखाली दडलेली होती आणि एकच बाई ती वापरत होती, तरी वापर सार्वजनिक. कारण शोधकाने ती देताना गुप्ततेची अट घातली नव्हती. न्यायमूर्ती मिलर यांनी विरोधी मत लिहिले. हा वापर सार्वजनिक असेल तर खाजगी वापर म्हणायचे तरी कशाला, असा त्यांचा सवाल होता. तो आजही वाजवी वाटतो. पण निकाल टिकला. महत्त्व किती लोकांनी पाहिले याला नाही, पाहायला बंदी होती का याला आहे.

छापील मजकुराच्या बाबतीत हाच प्रश्न ग्रंथालयात जाऊन थांबतो. 1986 च्या एका अमेरिकन निकालात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेला एकच पीएच.डी. प्रबंध पूर्वदाखला म्हणून मान्य झाला. प्रत एकच, तीही परदेशात. पण सूचीत नोंदलेली आणि मागेल त्याला मिळणारी. तीन वर्षांनी दुसऱ्या खटल्यात ओरेगॉन राज्यातल्या रीड कॉलेजमधले पदवी विद्यार्थ्यांचे प्रबंध मात्र नाकारले गेले. ते ग्रंथालयात होते, त्यांची कार्डेही होती. पण ती कार्डे विद्यार्थ्यांच्या आडनावाप्रमाणे लावलेली होती, आणि रसायनशास्त्र विभागातली तर बुटांच्या खोक्यात ठेवलेली. ज्याला विषय शोधायचा आहे तो त्या आडनावापर्यंत पोचणार कसा? न्यायालय म्हणाले, हे उपलब्ध नव्हे. विषयवार सूची नाही म्हणून ज्ञान नाही, असा हा हिशेब. ज्यांनी जुन्या ग्रंथालयांत दिवस काढले आहेत, त्यांना त्यातले मर्म वेगळे सांगायला नको.

मिर्झापूरची भांडी

समजा, सगळे तुकडे एका दाखल्यात मिळाले नाहीत. तरीही पेटंट वाचतेच असे नाही. दुसरी कसोटी असते : जे आधी माहीत होते, त्यावरून त्या धंद्यातल्या कसबी माणसाला ही पायरी सहज सुचली असती का? सुचली असती तर तो शोध नव्हे. या कसोटीत वेगवेगळे दाखले जोडायची मुभा असते.

भारतात यावरचा पायाभूत निकाल पितळी भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या भागीदारी संस्थेने भांडी लेथवर कातताना घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट 1951 पासून घेतले होते. जुन्या रीतीत फिरते भांडे निसटून उडायचे आणि कारागिराला इजा व्हायची. नव्या साधनात टेलस्टॉकच्या टोकदार सेंटरने ते दाबून धरलेले असे. काम वेगाने होई, सफाई येई, धोका टळे. प्रतिस्पर्ध्याने तेच सुरू केले आणि कज्जा उभा राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायाधीशाने पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा जिवंत केले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचे रद्द केले.

साधन उपयोगी होते, यावर फारसा वाद नव्हता. पण टेलस्टॉकच्या टोकाने वस्तू दाबून फिरवणे ही लेथइतकीच जुनी युक्ती. ती भांड्याला लावली, एवढेच घडले. न्यायालयाच्या मते ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा होती. शोध म्हणवून घ्यायला त्याहून अधिक काही लागते. उपयोगी असणे आणि नवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालाने आपल्या कायद्यात पक्के केले.

मात्र ही कसोटी वापरताना एक खड्डा टाळावा लागतो. उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडे सोपे वाटते. म्हणून कसोटी लावणाऱ्याने स्वतःला शोधाच्या आदल्या दिवशी नेऊन बसवायचे असते. मागाहून आलेले शहाणपण जुन्या पानात भरायचे नसते. आणि इथेच मला तळपदे आठवतात.

चौपाटी आणि किटी हॉक

शिवकर बापूजी तळपदे या मुंबईकर संस्कृतप्रेमी गृहस्थाने 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, ही कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. तिला वैमानिकशास्त्राच्या ग्रंथाचा आधार दिला जातो. जानेवारी 2015 मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंधही वाचला गेला. तळपदे यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यांना कथेतून बाहेर काढून साक्षीच्या पिंजऱ्यात, हळदीशेजारी उभे करावेसे वाटते. राइट बंधूंचे पेटंट पाडायला हा पूर्वदाखला चालला असता का?

आधी चतुःसीमा. राइट बंधूंचा अर्ज 23 मार्च 1903 चा, म्हणजे किटी हॉकच्या प्रसिद्ध उड्डाणाच्या नऊ महिने आधीचा. पेटंट क्रमांक 821393, मंजुरी 22 मे 1906. त्यात इंजिन नाही, ‘उडणारे यंत्र आम्ही प्रथम केले’ असा दावाही नाही. आकृती आहे ती ग्लायडरची. दाव्याचा गाभा आहे तोल : पंखांच्या टोकांकडचे कोन उड्डाणात बदलायचे आणि त्याला मागच्या उभ्या सुकाणूची जोड देऊन यंत्र एका अंगावर कलंडू द्यायचे नाही. तेव्हा चौपाटीवरचे यंत्र खरोखर उडाले असते, तरी प्रश्न उरलाच असता : त्याचे पंख पिळले जात होते का? सुकाणू त्यांना जोडलेले होते का? या तुकड्यांविषयी कथेत अवाक्षर नाही.

मग तारीख. दाखला म्हणून ‘केसरी’तल्या बातमीचा उल्लेख केला जातो, पण अंक, तारीख आणि पान यांसह त्या काळचे कात्रण पुढे येत नाही. राहिला ग्रंथ. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये त्याची तपासणी केली. भाषा आणि माहिती यांवरून तो 1904 च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे हा ग्रंथ राइट यांच्या अर्जानंतरचा. आणि तारीख जुनी निघाली असती, तरी वाचून कसबी माणसाला कृती करता येत नसेल तर तो दाखला नव्हे.

ही कसोटी परक्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलेली नाही. अमेरिकेत ग्लेन कर्टिस हा विमानकर्ता राइट यांच्याविरुद्धचा खटला जानेवारी 1914 मध्ये अपिलातही हरला. त्यानंतर त्याने सॅम्युअल लँगली यांचे जुने विमान बाहेर काढले. तेच विमान 1903 मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले होते. कर्टिसने त्यात बरेच बदल करून हॅमंड्सपोर्टच्या तळ्यावरून छोट्या झेपा घेतल्या. हेतू असा की हे यंत्र राइट यांच्या आधीच ‘उडण्याजोगे’ होते, हे दिसावे. स्मिथसोनियन संस्थेने तशी पाटीही लावली. लँगली हे त्याच संस्थेचे माजी सचिव होते. चिडलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी आपले मूळ विमान 1928 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिले. स्मिथसोनियनने 1942 मध्ये माघार घेतली आणि विमान 1948 मध्ये मायदेशी परतले. जुन्या यंत्रात नवे ज्ञान बसवून ते पूर्वीपासूनच तिथे होते असे दाखवणे, हा मोह वॉशिंग्टनच्या मान्यवर संस्थेलाही आवरला नव्हता. जुन्या श्लोकात नवे यंत्र वाचणारे आपण त्याच पंगतीत बसतो.

हळदीच्या वेळी आपण या कसोटीचा आग्रह धरला आणि जिंकलो. चौपाटीच्या वेळी तीच कसोटी परकी म्हणून नाकारायची, असे करता येणार नाही. तसे केले तर हळदीचा विजयही केवळ गोंगाटाचा विजय ठरेल.

खोक्यातली कार्डे

हळदीच्या खटल्यानंतर, 2001 मध्ये, सीएसआयआर आणि आयुष खाते यांनी पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय हाती घेतले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून वर्गवारीने लावले. युरोपीय पेटंट कार्यालयाला ते 2009 पासून पाहायला मिळू लागले. बुटांच्या खोक्यातल्या कार्डांना विषयसूची मिळाली, असे म्हणता येईल.

पण पूर्वदाखल्याला एक दुसरी धार आहे आणि ती न लपवता सांगितली पाहिजे. प्रसिद्ध केलेले ज्ञान दुसऱ्याला पेटंट मिळू देत नाही, तसे आपल्यालाही मालकी देत नाही. ते सर्वांना मोकळे होते, त्यात नफा कमावणारी कंपनीही आली. म्हणून ज्या समाजाने एखादी वनस्पती जपली त्याला मोबदला मिळावा, हा प्रश्न पूर्वदाखल्याने सुटत नाही. त्यासाठी जैवविविधतेच्या कायद्यासारखी वेगळी वाट लागते. पूर्वदाखला एकच काम करतो. सार्वजनिक पाणवठ्यावर कोणाला कुंपण घालू देत नाही.

ते काम मात्र मराठीत पुष्कळ बाकी आहे. वैद्यांच्या घरातली बाडे, रंगाऱ्यांच्या आणि कासारांच्या वह्या, जुन्या शेतीविषयक मासिकांचे अंक, बचत गटांच्या सुगरणींनी छापलेल्या पाककृतींच्या पुस्तिका, यांत काय काय नोंदले आहे हे विषयवार कळायची सोय नाही. यातले काही माळ्यावर आहे, काही ग्रंथसंग्रहालयांत लेखकाच्या आडनावाखाली झोपलेले आहे. कोणाच्या घरी असे बाड असेल, तर त्याचे कौतुक करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात : पहिल्या पानावर ते कोणाचे, कुठले आणि कोणत्या सालचे हे लिहून ठेवावे, प्रत काढून जवळच्या ग्रंथसंग्रहालयात द्यावी, आणि तिथल्या ग्रंथपालाला सांगून त्यातल्या प्रत्येक कृतीची विषयाखाली वेगळी नोंद करवून घ्यावी. मग ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणायची वेळ आली, तर आवाज चढवावा लागणार नाही. पान काढून पुढे ठेवले की झाले.